अकराव्या वचनाच्या वर काय लिहिलंय?

पत्र

मावशी, जय ख्रिस्त. माझं वय ३४. गाव संगमनेर तालुक्यातलं, पण गेली बारा वर्षं पुण्यात स्टाफ नर्स आहे, सध्या आयसीयूत. पप्पा २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत गेले. घरी मी आणि आई. सात वर्षांत चौदा स्थळं आली आणि गेली. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आमच्या मंडळीत वचनाची चिठ्ठी काढतात. तीन वर्षांत दोनदा मला एकच वचन आलं, यिर्मया २९:११, तुमच्यासाठी माझे संकल्प हिताचे, आशा देणारे आहेत असं देव म्हणतो ते. ते मी मोबाईलच्या कव्हरमागे ठेवलंय. मागच्या वर्षी संजीवन सभेला आलेल्या एका प्रचारकांनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "वर्ष संपायच्या आत तुझं घर वसेल." वर्ष संपलं. मध्यंतरी मी गुपचूप जर्मन भाषा शिकले, बी-१ ही पातळी झाली. आता तिकडच्या एका रुग्णालयाचं पत्र आलंय, बी-२, म्हणजे पुढची पातळी, करून या म्हणतात. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय. आई म्हणते, तिकडे गेलीस की लग्न राहिलंच, देवाची वेळ अजून आली नाही, थांब. पाळकसाहेबही तेच म्हणतात. मी गेले तर देवाच्या योजनेतून बाहेर पडेन का? आणि थांबायचं तर किती? खरं सांगू, हल्ली प्रार्थनेला बसले की एक तर झोप येते, नाहीतर राग. – तुमचीच एक भाची

उत्तर

प्रिय पोरी, जय ख्रिस्त.

आधी तुझी शेवटची ओळ घेते. प्रार्थनेला बसल्यावर राग येतो, हे तू असं लिहिलंयस, जणू ड्युटीवर चुकीच्या पेशंटला इंजेक्शन दिलंस. अगं, बायबलातलं १३वं स्तोत्र काढ. पहिल्या दोन वचनांत 'कुठवर' हा एकच प्रश्न चार वेळा विचारलाय, आणि विचारलाय तो देवालाच. ते स्तोत्र कोणी शास्त्रातून काढून टाकलं नाही. उपासनेत आपण ते फारसं लावत नाही, एवढंच. आणि झोपेचं म्हणशील, तर नाइट करून आलेल्या बाईला झोप येणारच. एलिया संदेष्टा 'पुरे झालं, आता मला मरण दे' म्हणून झुडपाखाली आडवा झाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. उठवलं, भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, मग पुन्हा उठवून खायला घातलं. तेव्हा झोप आली तर झोप.

आता त्या चिठ्ठीकडे येऊ.

वचनाच्या चिठ्ठ्या मीही काढल्यात. आमचे हे पाळक होते, त्यामुळे कित्येक वर्षं ३१ तारखेच्या दुपारी त्या चिठ्ठ्या कापून, गुंडाळ्या करून स्टीलच्या डब्यात भरायचं काम माझ्याकडेच असायचं. म्हणून आतली गोष्ट सांगते. कोणती वचनं घ्यायची ते आम्ही ठरवायचो. 'तुम्हांला आशा देणारे संकल्प' असलं काही हमखास घ्यायचो, आणि 'सत्तर वर्षं' कधीच नाही. नव्या वर्षाच्या पहाटे हातात सत्तर वर्षांची चिठ्ठी आली, तर माणूस चहाला तरी थांबेल का?

पण ते सत्तर वर्षांचं वाक्य तुझ्या वचनाच्या अगदी वर आहे, दहाव्या वचनात. यिर्मया संदेष्ट्याचा २९वा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजानं यरुशलेमेतून तिथल्या राजाला, राजघराण्याला, कारागिरांना, लोहारांना उचलून बाबेलला नेलं. त्या नेलेल्या माणसांना यिर्मयानं मागे राहिलेल्या शहरातून हे पत्र पाठवलं. त्या लोकांचाही प्रश्न तुझाच होता: किती दिवस? सामान सोडायचं की बांधूनच ठेवायचं? पत्र काय म्हणतं बघ. घरं बांधा आणि त्यात राहा. मळे लावा आणि त्यांचं फळ खा. बायका करा, मुलंबाळं होऊ द्या. ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं कल्याण बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. मग दहावं वचन, सत्तर वर्षं. आणि मग कुठे तुझं अकरावं.

हिशेब कर. पत्र वाचून दाखवलं त्या दिवशी जी बाई ३४ वर्षांची होती, ती परतीच्या दिवशी १०४ वर्षांची असती. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांसाठी अकरावं वचन नातवंडांच्या हिश्श्याचं होतं. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आलं ते पाचवं, सहावं आणि सातवं. तू संगमनेरकडची आहेस, डाळिंबाची बाग लावणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. आज खड्डे घेतले आणि पुढच्या महिन्यात तोडा, असं होत नाही. जो बाग लावतो तो राहायच्या तयारीनं लावतो.

(हो, लग्न करा असंही त्याच पत्रात आहे. आई बोट ठेवून दाखवेलच. पण घर आणि मळा त्याच्या आधी लिहिलाय, हे तूही दाखव.)

त्या प्रचारकांचं काय करायचं, तेही याच पानांजवळ आहे. एकच अध्याय मागे जा, २८वा. तिथं हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत सांगतो की दोन वर्षांच्या आत सगळं ठीक होणार, नेलेली माणसं परत येणार. लोकांना तेच ऐकायचं होतं. मला त्यातली आवडते ती यिर्मयाची पहिली प्रतिक्रिया. तो म्हणतो, 'आमेन, देव तसंच करो.' त्यालाही ते हवंच होतं गं! फक्त हवं असणं आणि देवानं सांगितलेलं असणं, यातला फरक त्याला कळत होता. तुझ्या डोक्यावर हात ठेवणाऱ्यानं तुला तारीख दिली. प्रभू येशू स्वर्गात जाण्याआधी शिष्यांनी त्याला वेळेबद्दलच विचारलं होतं, तेव्हा त्यानं सांगितलं की काळ आणि वेळा पित्यानं स्वतःच्या अधिकारात ठेवल्यात, त्या तुम्ही जाणाव्यात असं नाही. जे पेत्राला आणि योहानाला मिळालं नाही, ते आपल्या संजीवन सभेत माईकवरून वाटलं जातं. खरं तर त्या माणसानं तुझ्या घरी येऊन माफी मागायला हवी. येणार नाही. पण वर्ष संपलं याचा ठपका तू स्वतःच्या विश्वासावर ठेवू नकोस. खोटी ठरलेली तारीख ज्यानं दिली त्याची आहे.

आता माझं सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल.

आमच्या लग्नाला वर्ष झालं तेव्हा माझ्या आईनं शिसवी पाळणा पाठवला, माहेरचा, मी ज्यात निजले तोच. तो आम्ही माळ्यावर ठेवला. नऊ वर्षं प्रत्येक प्रार्थनासभेत माझं नाव घेतलं जायचं. मग हळूहळू घेणं बंद झालं, ते मला जास्त लागलं. प्रत्येक जण म्हणायचं, 'देवाची वेळ असते, बाई.' मीही म्हणायचे. त्या नऊ वर्षांत मी बी.एड. केलं नाही. शाळेनं दोनदा विचारलं, फी भरायलाही तयार होते. मी म्हणाले, मध्येच दिवस गेले तर? घर बदललं नाही, लांबचा प्रवास केला नाही. दहाव्या वर्षी पावसाळा लवकर आला. यांनी बाजारातून दोन गोणी कांदा आणलेला, पसरायला जागा नाही. मी माळ्यावर चढले, पाळणा खाली काढला, हवेशीर होता, त्यात कांदा भरला. हे संध्याकाळी घरी आले, बघितलं, काही बोलले नाहीत. कांद्याची एक पात ओढून बाहेर टाकली आणि हात धुवायला गेले. त्या रात्री आम्ही दोघंही रडलो. पण जूनमध्ये मी बी.एड.चा फॉर्म भरला.

मूल आम्हाला झालं नाही. हे सांगते, कारण असल्या गोष्टी सांगणारे बहुतेक जण शेवटी 'आणि मग देवाच्या वेळी...' म्हणून जुळी दाखवतात. माझ्याकडे दाखवायला तसं काही नाही. देवाची वेळ काय होती, ते मला आजही कळलेलं नाही. देव होता, एवढं माहीत आहे. ती नऊ वर्षं मी ज्याला थांबणं म्हणत होते ते भिणं होतं, हेही आता कळतं.

म्हणून 'देवाची वेळ' हे शब्द मी जपून वापरते. पप्पा गेल्यानंतरच्या रात्री तू ते स्वतःशी म्हटले असशील, तर ती प्रार्थना होती. तेच शब्द दुसरं कोणी चहाचा कप खाली ठेवता ठेवता तुला म्हणतं, तेव्हा बहुधा विषय संपवायचा असतो. म्हणणाऱ्याचं मन वाईट नसतं. तुझ्या दुःखाजवळ बसायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं, इतकंच.

शास्त्रात वाट पाहायला सांगितलंय, ते मी नाकारत नाही. स्तोत्रांत जागोजागी आहे. पण नीट बघ, तिथं परमेश्वराची वाट पाहा असं आहे. स्थळाची नाही, व्हिसाची नाही. आणि वाट बघणं आपल्या घरांत कसं असतं ते तुला ठाऊक आहे. पप्पा शेवटच्या एसटीनं यायचे त्या रात्री आई वाट बघतच असेल. पण हात भाकरीच्या पिठात असतील, मध्येच उठून तुझी वही बघत असेल, कान फक्त रस्त्याकडे.

यिर्मयाचंच पुढचं एक प्रकरण सांगितल्याशिवाय राहवत नाही, ३२वं. शहराला वेढा पडलाय, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. शत्रूनं देश व्यापलाय, आणि हा शेत विकतोय! आपल्याकडे असल्या सौद्याला काय म्हणतील ते तुला माहीत आहे. यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो. साक्षीदार बोलावतो, खरेदीखतावर सह्या होतात, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, आणि ती दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हातानं मातीच्या मडक्यात ठेवून देतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. पुढे त्याला लोकांनी ओढून मिसर देशात (इजिप्तला) नेलं. त्या शेतात त्यानं कधी नांगर घातला, असं शास्त्रात कुठे नाही. देवाच्या वेळेवर भरवसा म्हटलं की मला ते मडकं आठवतं.

आपल्या दौंडजवळच्या केडगावातही असंच झालं. पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री (हिब्रू) आणि ग्रीक भाषांवरून मराठीत अख्खं पवित्र शास्त्र आणायचं काम तिथं वर्षानुवर्षं केलं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. छापलेलं संपूर्ण शास्त्र लोकांच्या हाती आलं ते १९२४ मध्ये.

'देवाच्या योजनेतून बाहेर पडेन का?' तू देवाची योजना म्हणजे शिवाजीनगर स्टँडवरची एकच गाडी समजतेस, चुकली की चुकली. त्या बाबेलला नेलेल्या लोकांनाही वाटायचं की देव मागे यरुशलेमेत राहिला. आणि यहेज्केल संदेष्ट्याला देवाच्या गौरवाचं दर्शन झालं कुठे? तिकडेच, खबार नदीच्या काठी, नेलेल्या लोकांच्या वस्तीत.

तेव्हा तू जर्मनीला गेलीस, तर ते पाप नाही. इथं थांबलीस, तर तेही नाही. मला विचारशील तर माझा कौल जाण्याकडे आहे, आणि हा माझा कौल आहे, देवाचा निरोप नव्हे. पण थांबायचं ठरवलंस तर कारण खरं दे. आईला एकटं सोडवत नाही म्हणून थांबले, असं म्हण. त्यात लाज नाही, ती प्रेमाची गोष्ट आहे. भीती वाटली म्हणून थांबले असं म्हटलंस, तरी चालेल. 'देवाची वेळ नव्हती' असं मात्र म्हणू नकोस, ज्या दिवशी तसं तुला खरोखर कळेल त्या दिवसापर्यंत. त्याचं नाव व्यर्थ घ्यायचं नाही, ही आज्ञा फक्त शिव्यांपुरती नाही.

आता व्यवहाराचं, कारण प्रार्थनेत हे कोणी सांगणार नाही. पत्र कोणामार्फत आलंय ते बघ. परदेशी नोकरी लावणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो, ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर त्याचं नाव तपासता येतं. त्याला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. कोणी लाखांत बोलू लागला तर 'नमस्कार' म्हणून उठायचं, मग तो मंडळीतलाच का असेना. आपल्या राज्य सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, त्याची काय प्रगती आहे तेही विचारून ठेव. करारपत्रात पगार, राहायची सोय, आणि तुझी पदवी मान्य होईपर्यंत तुला कोणत्या हुद्द्यावर ठेवणार, या तीन गोष्टी नीट वाच. आणि कामाचं मन आधीच तयार कर. इथं आयसीयूत पेशंटला पुसायला, भरवायला मावशी आणि वॉर्डबॉय असतात. तिकडे आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे नर्सचंच काम धरतात. आपल्या मुलींना पहिले काही महिने ते अपमानासारखं वाटतं. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, त्याचीही तयारी ठेव. बाबेलच्या नद्यांजवळ बसून लोक रडले, हे १३७वं स्तोत्रही शास्त्रातच आहे. तू पण रडशील.

लग्नाबद्दल: होईल, असं मी लिहिणार नाही. माझ्या अंगात हनन्या नको. तुला ते हवंय, तर हवंय असंच देवापुढे म्हणत राहा, जर्मनीतूनही म्हणता येतं. चौदा वेळा कोणीतरी घरी येऊन पोहे खाऊन गेलं, त्याचं दुःख तू अजून नीट केलेलं दिसत नाहीस. ते आधी कर. जवळच्या एका मैत्रिणीजवळ, प्रार्थनासभेत नको.

राहिली आई. पाळकसाहेबांशी वाद घालू नकोस, ते आईचंच बोलतायत. नवरा गेलेल्या बाईला एकुलती लेक विमानात बसणार, याची भीती वाटते, आणि ती भीती बोलायला तिच्याकडे 'देवाची वेळ' हेच शब्द आहेत. तिला जर्मनी पटवू नकोस. गुडघ्यासाठी दवाखान्यात कोण नेईल, रात्री कोण सोबतीला येईल, गॅस संपला तर कोणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून तिच्यापुढे ठेव. तुझ्या मावस बहिणी, शेजारच्या काकू, जे कोणी असतील त्यांना विचारूनच नाव लिही.

आणि महिना संपायच्या आत एक रात्र नाइट घेऊ नकोस. जेवणं झाली की दोघी बसा आणि उत्पत्तीचा २४वा अध्याय काढा, रिबकेचा, जिला अब्राहामाचा चाकर त्याच्या मुलासाठी, इसहाकासाठी, मागायला आला होता. आपल्याकडे लग्नाच्या उपदेशात तो विहिरीपर्यंतच सांगतात, घागर, उंट, खूण पटली, वगैरे. तुम्ही ५५व्या वचनापासून सुरू करा. तिथं रिबकेचा भाऊ आणि आई म्हणतात, पोरीला आमच्याजवळ निदान दहा दिवस तरी राहू द्या. दहा दिवस! खूण पटलीय, दागिने घातलेत, सगळ्यांनी मान्य केलंय, तरी आईला दहा दिवस हवेत. मग ते रिबकेलाच बोलावून विचारतात, तू या माणसाबरोबर जातेस का? तिचं उत्तर एका शब्दाचं आहे. नंतर ते तिला तिच्या दाईबरोबर पाठवतात आणि आशीर्वाद देतात.

तू वाचू नकोस. चष्मा दे आणि आईला मोठ्यानं वाचू दे. ५८व्या वचनाला ती थांबेल. तेव्हा तू काही बोलू नकोस.

– तुझी मावशी